पोकर रूममध्ये टेबल आणि सीट कशी मिळते

पोकर रूममध्ये कोण कुठल्या टेबलावर आणि त्या टेबलावरच्या कुठल्या खुर्चीत बसणार, हे दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे रूमचे नियम, त्यात वेटिंग लिस्ट, सीट बदलायचा हक्क, ब्लाइंड (पत्ते वाटायच्या आधी दोन खेळाडूंनी भरायची सक्तीची रक्कम, एक स्मॉल आणि एक बिग) भरायची पद्धत असं सगळं आलं, आणि दुसरी म्हणजे खेळाडूची स्वतःची निवड. कॅश गेममध्ये, म्हणजे जिथे चिप्स म्हणजे खरा पैसा आणि हवं तेव्हा उठता येतं तिथे, ही निवड खरंच आपल्या हातात असते, टूर्नामेंटमध्ये जवळपास नसतेच. पत्ते वाटायच्या आधीच घेतलेला हा निर्णय किती महत्त्वाचा असतो ते नव्या खेळाडूच्या लक्षात येत नाही, तो मिळेल त्या खुर्चीत बसतो आणि तिथेच पाच तास काढतो.

सुरुवात लिस्टपासून. रूममध्ये शिरलं की आधी काउंटरवर जायचं, तिथे जो माणूस लिस्ट सांभाळतो त्याला बऱ्याच ठिकाणी ब्रश म्हणतात आणि वादविवाद सोडवणारा जो वरचा माणूस असतो तो फ्लोअर. त्यांना नाव किंवा इनिशियल्स सांगायचे आणि कुठला गेम, किती ब्लाइंडचा, ते सांगायचं. एकापेक्षा जास्त लिस्टमध्ये नाव टाकता येतं आणि टाकावंच, म्हणजे १/२ मध्ये (स्मॉल ब्लाइंड १, बिग ब्लाइंड २) बसून २/५ च्या लिस्टमध्ये नंबर चालू ठेवता येतो. पूर्वी हे सगळं पांढऱ्या बोर्डावर मार्करने लिहायचे, आता मोठ्या रूम्समध्ये स्क्रीन असतात, आणि अमेरिकेत ब्राव्हो पोकरसारख्या अ‍ॅपवर घरबसल्या कळतं की कुठे किती टेबलं चालू आहेत आणि लिस्टमध्ये किती जण आहेत. नाव पुकारल्यावर तुम्ही तिथे नसाल तर ते एकदोनदा परत पुकारतात आणि मग पुढच्या माणसाला सीट जाते. सीट मिळाली पण चिप्स घ्यायला जायचंय अशा वेळी टेबलावर एक चिप किंवा कार्ड ठेवून जागा धरतात, तीही थोडाच वेळ.

नवीन टेबल उघडताना मात्र गंमत वेगळी असते. लिस्टमध्ये पुरेशी नावं जमली की सगळ्यांना एकदम बोलावतात, आणि काही रूम्समध्ये जो आधी पोचेल तो हवी ती सीट घेतो, काही ठिकाणी लिस्टच्या क्रमाने निवड होते, तर काही ठिकाणी सीटसाठी पत्ते ओढतात. पत्ते ओढायची पद्धत मला सगळ्यात न्याय्य वाटते, कारण बाकी दोन्हींत ओळखीच्या सैल, म्हणजे कमजोर पत्त्यांवरही पैसे लावणाऱ्या, खेळाडूच्या शेजारची खुर्ची पकडायला पळापळ होते आणि मोठ्या गेममध्ये तर त्यावरून भांडणंही होतात.

एकाच ब्लाइंडची दोन टेबलं चालू असतील तर बऱ्याच रूम्स मस्ट-मूव्ह लावतात. म्हणजे एक टेबल मेन गेम आणि दुसरं फीडर, मेनमध्ये जागा झाली की फीडरवर सगळ्यात आधी आलेल्या माणसाला उठून तिकडे जावंच लागतं, गेम कितीही आवडलेला असो. नाही गेलात तर त्या गेममधून बाहेर पडावं लागतं. जाताना सगळ्या चिप्स सोबत न्यायच्या, जिंकलेले अर्धे खिशात टाकून कमी स्टॅक (समोरच्या चिप्स) घेऊन बसणं चालत नाही, आणि म्हणूनच फीडरवरून येणाऱ्याचा स्टॅक कमाल बाय-इनपेक्षा (बसताना घेता येणाऱ्या चिप्सच्या मर्यादेपेक्षा) मोठा असला तरी तो तसाच आणता येतो. लोक या नियमावर फार चिडतात, पण त्यामागचं कारण साधं आहे, हा नियम नसेल तर चांगले खेळाडू चांगल्या टेबलाकडे वळतात आणि दुसरं टेबल चार-पाच जणांवर येऊन मोडतं. टेबल मोडू नये म्हणून काही रूम्स प्रॉप खेळाडूही ठेवतात, त्यांना रूमकडून पगार असतो पण ते खेळतात स्वतःच्या पैशाने, आणि फ्लोअर सांगेल त्या टेबलावर त्यांना बसावं लागतं, त्यांना टेबल निवडायची मुभाच नसते.

आता सीट. डीलरच्या डाव्या हाताची पहिली खुर्ची १ नंबर, तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजत डीलरच्या उजव्या हाताला ९ किंवा १० नंबर. १ आणि ९ मध्ये डीलर बसलेला असतो त्यामुळे ते दोघं एकमेकांना नीट दिसत नाहीत, पलीकडच्याचा स्टॅक किती आहे, त्याने चिप्स पुढे सरकवल्या की नाही, ते वाकून बघावं लागतं. याउलट ५ नंबर डीलरच्या बरोबर समोर, तिथून दोन्ही बाजूंचे सगळे चेहरे दिसतात.

पण दिसण्यापेक्षा महत्त्वाची पोझिशन, म्हणजे कोणाच्या आधी किंवा नंतर पाळी येते ते. खेळ घड्याळाच्या दिशेने फिरतो म्हणजे तुमच्या उजवीकडचा माणूस तुमच्या आधी खेळतो आणि डावीकडचा तुमच्या नंतर. हिशोब करून बघा. ९ जणांच्या टेबलावर बटण (दर हँडला, म्हणजे डावाला, एक सीट डावीकडे सरकणारी चकती, ती ज्याच्यासमोर तो फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी खेळतो आणि त्याच्या डावीकडचे दोघं ब्लाइंड भरतात) एक फेरी पूर्ण करतं तेव्हा ९ हँड होतात, त्यातल्या ८ हँडमध्ये फ्लॉपनंतर (पहिले तीन सामायिक पत्ते उघडल्यावर) तुम्ही उजव्या शेजाऱ्याच्या मागून खेळता, फक्त त्याच्याकडे बटण असेल त्या एका हँडमध्ये उलट होतं. दोन सीट उजवीकडे असलेल्यावर ही पोझिशन ७ वेळा मिळते, आणि थेट डाव्या शेजाऱ्यावर फक्त १ वेळा, जेव्हा बटण तुमच्याकडे असतं. म्हणूनच खेळाडू म्हणतात की टेबलावरचा पैसा डावीकडे वाहतो. जो भरपूर हँड खेळतो, कॉल (समोरच्याने लावले तेवढे पैसे भरणं) सोडत नाही, त्याच्या डावीकडची खुर्ची म्हणजे सोनं, कारण तो आत आल्यावर तुम्ही रेज करून (रक्कम वाढवून) त्याला एकट्याला गाठू शकता आणि पुढच्या प्रत्येक स्ट्रीटवर (पैसे लावायच्या फेरीत) आधी त्याचा निर्णय बघता. सावध खेळणारे डावीकडे असलेले बरे, ते बहुतेकदा फोल्ड करतात (पत्ते टाकून देतात) आणि तुम्हाला बटणावरून आणि त्याच्या आधीच्या सीटवरून ब्लाइंड चोरता येतात. सगळ्यात त्रासाचं म्हणजे मोठा स्टॅक असलेला चांगला आक्रमक खेळाडू डावीकडे बसणं, तुम्ही काहीही केलं तरी तो मागून उत्तर देणार.

वेड्यासारखा प्रत्येक हँड रेज करणारा कुठे हवा यावर मात्र जाणकारांचं एकमत नाही. बरेच जण सांगतात तोही उजवीकडेच हवा, म्हणजे रेज आलाय हे कळल्यावर आपण आत यायचं की नाही ते ठरवता येतं. दुसरी बाजू अशी की तो डावीकडे असेल तर तुम्ही चेक केल्यावर (पैसे न लावता पाळी पुढे दिल्यावर) तो बेट करतो, म्हणजे पैसे लावतो, मध्ये बाकीचे कॉल करतात आणि सगळ्यांची उत्तरं ऐकून तुमची पाळी येते, म्हणजे मोठ्या हँडवर सापळा लावायला ती जागा छान. मला पहिली बाजू पटते, कारण मोठे हँड फार कमी येतात आणि बाकीच्या वेळी डावीकडच्या त्या माणसामुळे तुम्हाला स्वस्तात फ्लॉपच बघायला मिळत नाही.

सीट बदलायची तर आधीच डीलरला सांगून ठेवायचं, काही रूम्समध्ये त्यासाठी सीट चेंज बटण देतात आणि ज्याने आधी मागितलं त्याचा हक्क आधी. जागा रिकामी झाली की डीलर ओरडतो "सीट ओपन", आणि नवीन माणूस येण्याआधी टेबलावरच्यांना विचारलं जातं. इथे आळस करू नका, उठून चार चिपांचे ढीग उचलायचा कंटाळा म्हणून लोक ही संधी घालवतात. बदलताना ब्लाइंडचं भान ठेवायचं, तुमची उडी ब्लाइंडपासून लांब नेणारी असेल तर बहुतेक ठिकाणी एकतर पोस्ट करावं (ब्लाइंडची रक्कम भरावी) लागतं नाहीतर थांबावं लागतं.

नव्याने बसणाऱ्यालाही हाच प्रश्न, बिग ब्लाइंड पोस्ट करून लगेच खेळायचं की आपल्यावर बिग ब्लाइंड येईपर्यंत थांबायचं. ब्लाइंड एकदोन हँडवर असेल तर थांबणं बरं. पण बटण नुकतंच तुम्हाला ओलांडून पुढे सरकलं असेल तर तेव्हा पोस्ट करणं फायद्याचं, शेवटून दुसऱ्या पोझिशनला सुरुवात होते आणि पुढे ब्लाइंड येईपर्यंत बरेच हँड फुकट मिळतात. बाहेर गेलात आणि ब्लाइंड चुकले तर डीलर तुमच्यासमोर मिस्ड ब्लाइंडचं बटण ठेवतो, परत आल्यावर दोन्ही भरावे लागतात, त्यातला स्मॉल ब्लाइंड सरळ पॉटमध्ये (मधल्या ढिगात) जातो, तो तुमच्या कॉलमध्ये धरत नाहीत. एकाच वेळी फार जण उठू नयेत म्हणून कित्येक रूम्समध्ये उठलेल्या तिसऱ्या माणसाला परत यायला मोजका वेळच देतात.

टेबल निवडताना काय बघायचं? लिस्टमध्ये नाव टाकून मोकळे असाल तर रूममध्ये फिरा आणि लांबून बघत राहा. फ्लॉपला किती जण जातात, रेज न करता नुसते कॉल करत आत येणारे किती, शोडाउनला, म्हणजे हँडच्या शेवटी, कसले पत्ते उघडले जातात, कोणी पत्ते न बघता स्ट्रॅडल (सक्ती नसताना आधीच लावलेली, ब्लाइंडपेक्षा मोठी रक्कम) मारतोय का. सगळ्यांसमोर छोटेछोटे स्टॅक असतील तर जिंकायला पैसा कमी, आणि मोठा स्टॅक कोणाकडे आहे हे बघणं तितकंच गरजेचं, तो चांगल्या खेळाडूकडे असेल तर उपयोग नाही. गप्पा, हसणं, पुढ्यात ड्रिंक असं टेबल सहसा कमाईचं, आणि सगळे हेडफोन लावून गप्प बसलेले असतील तर तिथे दमछाक जास्त. हे कायम राहत नाही, दोन माणसं उठून गेली की तेच टेबल पूर्ण बदलतं, म्हणून दर तासाला परत बघावं आणि आवडत नसेल तर फ्लोअरकडे टेबल चेंज मागावा.

टूर्नामेंटमध्ये यातलं काही चालत नाही. सीट ड्रॉने (सोडतीने) मिळते, आणि खेळाडू बाद होत गेले की टेबलं ठरलेल्या क्रमाने मोडतात. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला २०२३ साली १०,०४३ एंट्री होत्या, एवढ्या गर्दीत कोणाला कुठे बसायचं ते निवडू दिलं तर स्पर्धाच होणार नाही. टेबलांवरची संख्या सारखी करायची असते तेव्हा टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचा नियम असा की जो पुढच्या हँडला बिग ब्लाइंड होणार आहे त्याला उचलायचं आणि नव्या टेबलावर सगळ्यात वाईट पोझिशनला बसवायचं, त्यात त्याला लागोपाठ बिग ब्लाइंड पडला तरी चालतो, मात्र स्मॉल ब्लाइंडची सीट ही वाईट पोझिशन धरत नाहीत. टेबल मोडून आलेल्याला बटण किंवा कुठलाही ब्लाइंड मिळू शकतो, फक्त स्मॉल ब्लाइंड आणि बटण यांच्यामधल्या सीटवर असेल तर त्याला तो हँड सोडावा लागतो. फायनल टेबलला पुन्हा ड्रॉ होतो, आणि तेव्हा कुठला मोठा स्टॅक कोणाच्या डावीकडे पडला हे खेळाडू सगळ्यात आधी बघतात.