साइडकार मोटारसायकल : पुढच्या निलंबनातील (सस्पेन्शनमधील) सुधारणा

मोटारसायकलीला साइडकार जोडली की ती वळणावर कलत नाही. एवढ्या एका फरकामुळे दुचाकीसाठी आखलेला पुढचा टेलिस्कोपिक फोर्क (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, चाक धरणारा चिमटा) अपुरा ठरतो. तो उतरवून लीडिंग लिंक जातीचा फोर्क (ज्यात चाकाचा आस बिजागरीवर हलणाऱ्या दांड्यांच्या पुढच्या टोकाला असतो) बसवणे, किंवा निदान आहे त्या फोर्कची भूमिती बदलणे, म्हणजे प्रस्तुत सुधारणा. पुढे दोन चाके असलेल्या वाहनांची (पिआज्जो एमपी३, कॅन-ॲम स्पायडर) रचना मुळातच निराळी असल्याने ती येथे विचारात घेतलेली नाहीत.

ट्रेल : हँडल ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष जमिनीपर्यंत वाढवला, तर तो चाक टेकते त्या बिंदूच्या थोडा पुढे पडतो. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. ते मोजायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. गाडी सपाट फरशीवर सरळ उभी करून चाकाच्या आसापासून ओळंबा सोडावा व खडूची खूण करावी. मग हँडलच्या नळीच्या रेषेत दोरी ताणून ती फरशीला लागते तिथे दुसरी खूण करावी. दोन खुणांमधले अंतर पट्टीने घ्यावे. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि कोणताही सुटा भाग विकत घेण्याआधी ते करावेच.

दुचाकीला हाच ट्रेल सरळ रेषेत ठेवतो. बहुतेक दुचाक्यांत तो साधारण ९० ते १२० मिमी असतो. साइडकारच्या गाडीत मात्र वळण्याचे सगळे काम हातांच्या जोरावर चालते. चाकावर येणारा आडवा रेटा ट्रेलच्या अंतरावरून हँडलला उलट पिळत राहतो. ट्रेल जितका जास्त, तितके हँडल जड. म्हणून या गाड्यांसाठी ट्रेल साधारण ४० ते ६० मिमीपर्यंत खाली आणतात. एक हिशेब पाहावा : चाकाची त्रिज्या ३१० मिमी, अक्षाचा कल २७ अंश आणि अक्षापासून आसाचे पुढचे अंतर ४० मिमी असेल, तर ट्रेल सुमारे ११३ मिमी येतो. कल व त्रिज्या तशीच ठेवून आस ३० मिमी पुढे नेला, की तो सुमारे ७९ मिमी होतो. लीडिंग लिंक फोर्कमध्ये आस पुढे नेणे सोपे असते, कारण तो दांड्यांच्या पुढच्या टोकाला बसतो आणि दांड्यांची लांबी किंवा बिजागरीची जागा बदलता येते.

उगम : लीडिंग लिंक फोर्कचे श्रेय पुष्कळदा अर्नी अर्ल्स या इंग्रज अभियंत्याला दिले जाते. हे अर्धेच खरे आहे. बिजागरीच्या पुढे आस असलेले छोट्या दांड्यांचे फोर्क विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून वापरात होते. हार्ले-डेव्हिडसनचा स्प्रिंगर फोर्क त्याच कुळातला असून तो १९४९ मध्ये मोठ्या गाड्यांवर टेलिस्कोपिक फोर्क येईपर्यंत टिकला. अर्ल्सने १९५०च्या दशकाच्या आरंभी केलेली रचना वेगळी ठरते ती बिजागरीच्या जागेमुळे. त्याच्या फोर्कमध्ये दांडे लांब असतात आणि चाकाच्या मागून वळसा घालून एकमेकांना जोडलेले असतात. बिजागरी टायरच्या मागे येते. आडव्या रेट्यापुढे फोर्क ताठ राहतो तो या वळशामुळे. त्यामुळे ‘अर्ल्स फोर्क’ हे नाव मागून जोडलेल्या प्रकारापुरतेच ठेवावे आणि बाकीच्यांना नुसते लीडिंग लिंक म्हणावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

एमव्ही ऑगस्टाच्या शर्यतीच्या गाड्यांवर हा फोर्क १९५२च्या सुमारास दिसतो, तर डग्लस ड्रॅगनफ्लायवर १९५५ पासून. त्याला खरी प्रतिष्ठा दिली ती बीएमडब्ल्यूने. १९५५ ते १९६९ या काळातील आर५०, आर६०, आर६९ या मालिकेत तो सर्रास होता आणि दांड्यांच्या बिजागरीला दोन जागा दिलेल्या होत्या : एक एकट्या गाडीसाठी, दुसरी साइडकारसाठी. बोल्ट काढून दांडा दुसऱ्या भोकात बसवला की ट्रेल कमी होई. साइडकारवाल्याची गरज कारखान्यानेच ओळखल्याचे इतके सुबक उदाहरण विरळा. गंमत अशी, की द्रवशामक (तेलाच्या साह्याने हिसके जिरवणारी योजना) असलेला टेलिस्कोपिक फोर्क मालिका-उत्पादनात प्रथम आणण्याचा मानही सहसा बीएमडब्ल्यूलाच (आर१२, १९३५) मिळतो. डेन्मार्कच्या निंबसने १९३४ मध्येच टेलिस्कोपिक फोर्क विक्रीला आणला होता, परंतु त्याला आरंभी द्रवशामक नव्हता; हा भेद लक्षात घेतला की दोन्ही दावे एकत्र नांदतात.

बीएमडब्ल्यू आर७१च्या धर्तीवर निघालेल्या सोव्हिएत एम-७२ व तिच्या वंशातील उरल गाड्यांना दीर्घकाळ टेलिस्कोपिक फोर्कच होता. पुढे उरलनेही लीडिंग लिंक स्वीकारला.

ब्रेकचा प्रश्न : ड्रम ब्रेकची न फिरणारी पाठतबकडी किंवा डिस्क ब्रेकचा कॅलिपर थेट दांड्याला जखडला, तर ब्रेक लावताच चाकाचा पीळ दांड्याचे पुढचे टोक खाली ढकलतो आणि गाडीचे नाक वर उठते. जुन्या बीएमडब्ल्यूंची ही ओळखीची खोड आहे. यावर उपाय म्हणजे ब्रेकचा धारक आसावर मोकळा ठेवून दांड्याला समांतर अशा वेगळ्या दांडीने फोर्कच्या खांबाला बांधणे. मग नाक जवळपास सपाट राहते. ही दांडी वाचवून पैसे वाचवू नयेत.

जोडीची कामे : ट्रेल कमी केल्यावर हँडल हलके होते, पण साधारण २० ते ४० किमी वेगाला ते डावी-उजवीकडे फडफडू लागते. हात सैल सोडला की हे लगेच कळते. यासाठी स्टिअरिंग डॅम्पर (हँडलची फडफड जिरवणारा दट्ट्या) लागतो. हँडलच्या कोनसेटमधील सुट्या गोळ्यांऐवजी टेपर रोलर बेअरिंग बसवल्यासही फरक पडतो. स्प्रिंगा वजनाप्रमाणे कडक कराव्या लागतात. अनेकजण सुरुवात नेमकी येथून करतात : कडक स्प्रिंग, जाड फोर्क ऑइल, दोन खांबांना जोडणारी पट्टी. त्याने गाडी ब्रेकला कमी वाकते व फोर्क कमी लचकतो हे खरे. हँडलचा जडपणा मात्र तसूभर कमी होत नाही, कारण ट्रेल जिथल्या तिथे असतो. पैसा मर्यादित असेल तर आधी भूमिती, मग स्प्रिंग.

मागे दोन चाके असलेल्या ट्राइकमध्ये बहुधा टेलिस्कोपिक फोर्कच ठेवून त्याला धरणारे वरचे-खालचे जोड तिरपे बसवतात. खालच्या जोडापासून आस ७०० मिमीवर असेल, तर खांबांना ३ अंशांचा तिरपेपणा दिल्याने तो सुमारे ३७ मिमी पुढे सरकतो. येथे एक घातक गैरसमज आढळतो, तो म्हणजे जोड तिरपे करणे आणि चौकटीची मान (हँडलची नळी) तिरपी करणे एकच आहे असे मानणे. प्रत्यक्षात परिणाम उलट असतात. नुसते जोड तिरपे केल्याने ट्रेल घटतो. चौकटीची मानच कापून तिरपी केली तर तो वाढतो. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच लांब नाकाच्या दिसतात.

भारतात : येथे वाहतूक डावीकडून असल्याने साइडकार डाव्या बाजूला येते, युरोप-अमेरिकेतून आणलेला उजव्या बाजूचा संच म्हणूनच उपयोगी नसतो. आपल्या रोजच्या पाहण्यातील रिक्षाचे पुढचे चाक लीडिंग लिंकच्या नेमके उलट, ट्रेलिंग लिंकवर असते : बिजागरी पुढे, आस मागे. ही रचना व्हेस्पा स्कूटरकडून १९४८च्या पिआज्जो आपेकडे आली. अशा दांड्यात ब्रेकचा पीळ नाक खाली दाबतो, म्हणून बजाजच्या रिक्षांत त्याविरुद्ध वेगळी ‘अँटी-डाइव्ह’ जोडणी दिलेली असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ अधिक काटेकोर केला. फोर्क बदलण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणा करणे आवश्यक आहे.