ॲक्सिलेटर दाबला की गाडी अडखळते? गॅरेजला येण्याआधी हे वाचा, आणि तोवर स्क्रूला हात लावू नका

महिन्यातून चार-पाच फोन तरी अगदी सेम येतात. "दादा, वेबरचे कार्बोरेटर लावलेत, आयडलला, म्हणजे पाय न देता, गाडी एकदम मस्त उभी राहते, पण सिग्नल सुटला आणि पाय दिला रे दिला की अर्धा सेकंद गप्प होते आणि मग एकदम उडी मारते." कोणाची कार्बोरेटरमधून फट् फट् खोकते. आणि फोनच्या शेवटी ठरलेला प्रश्न, पंप जेट, म्हणजे पाय दिल्यावर जादा पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं, मोठा टाकून मिळेल का? प्रत्येकाला अर्धा तास तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढलं.

हे मुख्यतः साइड ड्राफ्ट वेबरसाठी आहे, म्हणजे ज्यात हवा आडवी बाजूने शिरते, ४० आणि ४५ डीसीओई मॉडेल. आमच्याकडे कॉन्टेसा १.८ आणि जुन्या जिप्सी जास्त येतात, अधूनमधून एखादी एमजी. पद्मिनीवाल्यांनो, तुमचा ओरिजिनल सोलेक्स असेल तर यातलं निम्मं लागू पडेल, बाकीचं चहा पिता पिता बोलू.

सगळ्यात जास्त वेळ कशात जातो

आयडल स्पीडच्या स्क्रूत. जेट, पंप, फ्लोट हे सगळं नंतर. गाडी सिग्नलला बंद पडायला लागली की माणूस बॉनेट उघडतो आणि तो स्क्रू अर्धा आटा आत घेतो, बरं वाटतं, चार दिवसांनी परत बंद पडते, परत अर्धा आटा, असं करत करत तीन आटे आत गेलेली गाडी आमच्या दारात येते आणि मालक म्हणतो आयडल तर परफेक्ट आहे हो, फक्त पिकअपला अडकते. अहो, आयडल परफेक्ट केलंत म्हणूनच अडकते.

वेबरच्या आत थ्रॉटलची जी पितळी चकती असते तिच्या कडेजवळ भिंतीला बारीक बारीक भोकं असतात, त्यांना प्रोग्रेशन होल म्हणतात. गाडी आयडलला असताना चकती पहिल्या भोकाच्या अलीकडे थांबली पाहिजे. पाय दिला की चकती सरकते, एकेक भोक उघडं पडतं आणि त्यातून पेट्रोल येतं, मेन जेट चालू होईपर्यंत गाडी त्याच पेट्रोलवर ओढते. आता तुम्ही स्क्रू तीन आटे आत घेतलात म्हणजे चकती आधीच उघडी, भोकं आयडललाच वापरून टाकली. मग पाय दिल्यावर हवा वाढते पण तिच्याबरोबर वाढायला पेट्रोल शिल्लकच नाही. तोच तो अर्धा सेकंद.

हे ओळखायची आमची टेस्ट साधी आहे. मिक्श्चरचा स्क्रू, म्हणजे आयडलचं पेट्रोल कमीजास्त करणारा, हळूच पूर्ण बंद करून बघतो. चकती जागेवर असेल तर तेवढा सिलिंडर मरायला पाहिजे. स्क्रू बंद करूनही इंजिन काही झालंच नाही अशा थाटात चालत राहिलं तर पेट्रोल भलत्या भोकातून येतंय. आयडल स्क्रू नुसता टेकल्यापासून साधारण अर्धा आटा, फार तर एक. एवढ्यात गाडी उभी राहत नसेल तर दोष दुसरीकडे आहे आणि तो शोधायचा असतो, स्क्रूने झाकायचा नसतो.

"कार्बोरेटरचं काम सांगितलं आणि हे डिस्ट्रिब्युटर खोलून बसले"

हे आम्हाला तोंडावर ऐकवलेलं आहे, म्हणून थोडं स्पष्टीकरण. मागच्या पावसाळ्यात एक कॉन्टेसा आली, दोन ठिकाणी ट्यूनिंग करून आलेली, जेट बदललेले, पंप जेट मोठा, आयडल स्क्रू भरपूर आत. आम्ही कार्बोरेटरला हातच लावला नाही, आधी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा डबा, उघडला तर आतली ॲडव्हान्सची वजनं, जी वेग वाढला की ठिणगी लवकर पाडतात, ती गंजून जाम. म्हणजे रेझ केली तरी टायमिंग, ठिणगीची वेळ, पुढे सरकतच नव्हतं. आणि कोणीतरी मूळ टायमिंगही मागे ठेवलेलं. टायमिंग मागे असलं की आयडल पडतं, आयडल पडलं की माणूस स्क्रू आत घेतो, स्क्रू आत गेला की गाडी अडखळते, अडखळली की मोठे जेट पडतात, आणि मग प्लग काळे होतात म्हणून प्लगही नवीन. एका गंजलेल्या वजनापायी एवढी वरात. वजनं साफ केली, टायमिंग लावलं, आयडल स्क्रू पाऊण आट्यावर आणला, जुने जेट परत टाकले आणि गाडी गेली. नवीन पार्ट एकही नाही. त्या बिलात आमची फक्त मजुरी होती आणि मालकांना तीही जास्त वाटली, असो.

अजून एक. ओरिजिनल कार्बोरेटरला व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी असते, इंजिनच्या ओढीने ती टायमिंग पुढे करते. साइड ड्राफ्ट लावताना ती बरेचदा नुसती बुच मारून सोडून देतात आणि डिस्ट्रिब्युटर मात्र तोच जुना. मग अर्ध्या थ्रॉटलला टायमिंग कमी पडतं आणि शिव्या वेबरला. त्यामुळे आमच्याकडे डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, कंडेन्सर, मग प्लग, टायमिंग हे बघितल्याशिवाय कार्बोरेटर उघडत नाही, कोणी कितीही घाईत असलं तरी. पॉइंटची कटकट कायमची नको असेल तर इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून देतो, बऱ्याच गाड्यांना बाहेरून काही दिसतही नाही, कॅपच्या आत बसतं.

अडखळते म्हणजे नक्की कधी?

हे बघून आलात तर आमचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे पैसे. गरम गाडी, मोकळा रस्ता, तिसरा गिअर. एकदा ॲक्सिलेटर अगदी हळू, अंडं ठेवल्यासारखा दाबत जा. मग एकदा पटकन दाबा. हळू दाबताना व्यवस्थित जाते आणि फक्त पटकन दाबल्यावर अडकते, तर ॲक्सिलेटर पंपाकडे संशय जातो, कारण पंपाचं कामच तेवढं आहे, एकदम थ्रॉटल उघडला की हवा लगेच धावते, पेट्रोल जड म्हणून मागे राहतं, ती फट पंप एका पिचकारीने भरून काढतो. पण हळू दाबतानाही अडकत असेल तर पंपाचा काही संबंध नाही, हे लिहून घ्या, पंप जेट कितीही मोठा टाका. ते आयडल जेट नाहीतर प्रोग्रेशनचं दुखणं. आणि खालून छान जाऊन तीन हजार आरपीएमच्या आसपास एक खड्डा लागत असेल तर आयडल जेटकडून मेन जेटकडे जाताना गडबड आहे, तिथे मेन जेट आणि त्याच्या पेट्रोलात हवा मिसळणारे एअर करेक्टर आणि इमल्शन ट्यूब बघावी लागते.

लोकांना मेन जेटचं फार आकर्षण. पण लक्ष्मी रोडवर किंवा दादरच्या ट्रॅफिकमध्ये तुमची गाडी मेन जेटपर्यंत जातच नाही, सगळा दिवस आयडल जेटवर निघतो. आयडल जेटवर ४५एफ९ असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यातलं ४५ म्हणजे पेट्रोलचं भोक ०.४५ मिमी, आणि एफ नंबर हवेच्या भोकाचा. ०.४५ मिमी म्हणजे टाकीतल्या गंजाचा एक कण पुरतो. वरचं झाकण एका विंग नटवर असतं, जेट बाहेर काढायला दोन मिनिटं लागतात, हवा मारून साफ करा, पण तार किंवा सुई घालू नका, भोक मोठं झालं की नंबर फक्त नावाला उरतो.

आणि ४५ चा ५० केला की पाचच नंबरचा फरक असं वाटतं, पण भोकाचं क्षेत्रफळ तेवीस टक्क्यांनी वाढतं. म्हणून आम्ही बरेचदा पहिला आकडा तोच ठेवून एफ नंबर बदलतो. सगळे नंबर आमच्याकडे ठेवलेले असतात, गाडीवर लावून बघून जो बसेल त्याचेच पैसे घेतो. मेन जेटचा जुना ठोकताळा असा की आतल्या चोकच्या, म्हणजे हवेच्या वाटेतल्या अरुंद गळ्याच्या, मापाला चारने गुणायचं, ३० मिमी चोकला १२०, आणि एअर करेक्टर त्याहून पन्नास जास्त, १७०. तिथून सुरुवात करायची आणि मग गाडी काय म्हणते ते ऐकायचं. मित्राच्या गाडीत १४० आहे म्हणून आपल्यात १४०, हे कारण चालणार नाही.

ई२० आल्यापासून

पूर्वी नीट चालणाऱ्या गाड्याही हल्ली अडखळायला लागल्यात, त्याचं एक कारण पेट्रोल. पंपावर आता बहुतेक ठिकाणी वीस टक्के इथेनॉलवालंच मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर सेट केलेली गाडी ई२० वर साताठ टक्के लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. नव्या गाडीचा कॉम्प्युटर ते सांभाळून घेतो, वेबरला कॉम्प्युटर नाही, त्याला आम्ही आहोत. लीन झालेली गाडी पहिल्यांदा आयडल जेटवरच बोंबलते. ऊसवाल्यांचं भलं होवो, आमचं काहीच म्हणणं नाही, पण तुमचे जेट ई२० च्या आधी बसवलेले असतील तर एकदा दाखवून घ्या. जुने रबरी पाइप आणि टाकीतून पेट्रोल आणणाऱ्या पंपाचे डायफ्रामही त्याच वेळी बघून देतो, ते फुगतात. आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं, कोकणातल्या दमट हवेत तर विचारूच नका.

बाकीचं थोडक्यात

कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये रबरी ओ-रिंग असते आणि नटाखाली स्प्रिंगसारखे वॉशर, ते नट मुद्दामच थोडे सैल ठेवतात, म्हणजे इंजिनच्या थरथरीने फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलला फेस येत नाही. कोणीतरी "हे ढिलं राहिलंय" म्हणून पान्याने कचकचून आवळतो आणि चार हजारांवर गाडी अडखळायला लागते. नका आवळू.

टाकीतून पेट्रोल ओढायला इलेक्ट्रिक पंप लावलाय? वेबरला तीन-साडेतीन पीएसआय पुष्कळ झाले, त्याहून जास्त दाबाला फ्लोटची सुई पेट्रोल अडवू शकत नाही, रेग्युलेटर लागतोच. गाडीत बसून कोणाला तरी पाय पूर्ण दाबायला सांगा आणि थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतो का बघा, मॅटमुळे अर्धाच उघडणाऱ्या दोन गाड्या आम्ही पाहिल्यात.

नवीन वेबर घेताना जपून. मूळचे इटलीचे, बोलोन्याचे, पुढे उत्पादन स्पेनला गेलं, पण हल्ली हुबेहूब दिसणाऱ्या कॉप्या निम्म्या किमतीत मिळतात आणि त्यांच्या जेटवर लिहिलेला नंबर आणि आतलं भोक यांची ओळखही नसते. घेण्याआधी आणून दाखवा, बघायचे पैसे घेत नाही.

येताना गाडी आहे तशी आणा. प्लग साफ करू नका, त्यांचा रंग आम्हाला बघायचाय. आदल्या रात्री नवीन जेट टाकू नका. सकाळी थंड इंजिनवर सोडलीत तर बरं, पूर्ण ट्यूनिंगला एक दिवस लागतो, दोन्ही कार्बोरेटर हवेच्या मीटरवर जुळवायचे असतात, कानाने आम्हीही करत नाही. आणि आयडलचा स्क्रू फिरवून झालाच असेल तर सरळ सांगा, किती आटे ते आठवत असेल तर अजून छान. आम्ही रागावत नाही, फक्त त्या शोधाशोधीचा अर्धा दिवस बिलात वेगळा येतो.