डिस्क मिररिंग (बूट डिस्कचे)
एकच मजकूर दोन किंवा अधिक डिस्कवर एकाच वेळी लिहीत राहण्याची पद्धत. एक डिस्क निकामी झाली तरी दुसरीवर काम चालू राहते. अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या ‘रेड’ (RAID) या पद्धतीच्या वर्गीकरणात ही पहिली पातळी, म्हणजे ‘रेड-१’ होय.

हिचे श्रेय पुष्कळदा बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांच्या १९८८ च्या निबंधाला दिले जाते. नावापुरते ते खरे आहे. पण पहिली पातळी म्हणून मिररिंग मांडताना त्या निबंधानेच तिला रूढ उपाय म्हटले आहे. टँडम कंपनीच्या नॉनस्टॉप संगणकांत (सु. १९७६ पासून) ती वापरात होती, डिजिटल इक्विपमेंटने सु. १९८३ मध्ये एचएससी-५० या नियंत्रकाबरोबर ती दिली. आयबीएमचे नॉर्मन केन औची यांच्या १९७८ च्या पेटंटचाही दाखला दिला जातो. मात्र त्याचा पाया पॅरिटी, म्हणजे गेलेली माहिती उरलेल्या डिस्कवरून गणिताने परत काढणे, हा आहे. त्यामुळे ते रेडच्या पुढील पातळ्यांचे पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

बूट डिस्कचा, म्हणजे ज्या डिस्कवरून संगणक सुरू होतो तिचा, प्रश्न निराळा आहे. संगणक सुरू होताना मिररिंग सांभाळणारी प्रणालीच अजून चढलेली नसते. फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेली सुरुवातीची आज्ञावली, एकाच डिस्ककडे पाहते. बायोस या जुन्या फर्मवेअर पद्धतीत डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर (तुकडा) वाचला जातो. तो विभाजनांच्या (डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या) बाहेर असल्याने केवळ विभाजनांचे मिररिंग केल्यास त्याची नक्कल होत नाही. मग पहिली डिस्क गेली की दुसरीवर सर्व माहिती शाबूत असूनही यंत्र उठत नाही. म्हणून ग्रब हा बूटलोडर (प्रणाली चढवणारा प्रोग्राम) दोन्ही डिस्कवर बसवावाच लागतो. यूईएफआय या नव्या फर्मवेअर पद्धतीत सुरुवातीच्या फाइलींसाठी ईएसपी हे ‘फॅट’ या फाइल-रचनेचे विभाजन लागते. त्याचे मिररिंग केल्यास लिनक्सच्या एमडी या मिररिंग मांडणीची नोंद (आवृत्ती १.२) विभाजनाच्या सुरुवातीपासून ४ किबीवर (४०९६ बाइटवर) असते, त्यामुळे फर्मवेअरला ते फॅट म्हणून ओळखता येत नाही, आवृत्ती १.० मध्ये नोंद शेवटी असल्याने ओळखता येते. तरीही फर्मवेअरने स्वतः एका प्रतीवर काही लिहिले, तर दोन्ही प्रती नकळत वेगळ्या होतात. दोन स्वतंत्र ईएसपी ठेवून प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर नक्कल करणे त्या मानाने सुरक्षित.

लिनक्सच्या एमडीस्टॅट या मिररिंगची स्थिती दाखवणाऱ्या फाइलीत निरोगी जोडीपुढे कंसात ‘यूयू’ दिसते. एक डिस्क गळाली की तिच्या जागी अधोरेखा येते. यंत्र मात्र पूर्वीसारखेच चालत राहते, म्हणून ही खूण महिनोन्‌महिने कोणाच्या नजरेस न पडण्याचा धोका असतो. ईमेल इशारा लावून ठेवणे अगत्याचे.

विंडोजमध्ये हेच काम डायनॅमिक डिस्कद्वारे, तर फ्रीबीएसडी या प्रणालीत जीमिरर या साधनाद्वारे होते.

मिररिंग म्हणजे बॅकअप नव्हे: चुकून पुसलेली फाइल त्याच क्षणी दोन्हीकडून जाते.