ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरचा अ‍ॅक्सेस: अर्ज कोणी करायचा, काय जोडायचं आणि पासवर्ड परत परत का विचारतो

जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, २० तारखेपर्यंत भरायचं असतं, त्यामुळे १८-१९ तारखेला आमच्याकडे एकच आरोळी, "फोल्डर पासवर्ड मागतोय!" मी एका सीए ऑफिसातले कॉम्प्युटर बघतो, आणि खरं सांगायचं तर दहातल्या आठ वेळा पासवर्ड चुकलेला नसतोच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आधी पात्रता. मेन पीसीवर (ज्या कॉम्प्युटरवर हे शेअर्ड फोल्डर ठेवलेत) तुमच्या नावाचं खातं पाहिजे आणि त्या खात्याला पासवर्ड पाहिजे. बिनपासवर्डचं खातं नेटवर्कवरून आत येऊच शकत नाही, विंडोजच अडवतं. शेजारच्याचा पासवर्ड वापरून काम भागवू नका, फाईल कोणी उडवली ते मग कळत नाही आणि बोलणी मी खातो.

अर्ज म्हणजे साधा ईमेल, पण ईमेलच, जेवताना डबा उघडा असताना येऊन सांगितलेलं धरलं जात नाही. त्यात तुमचा एम्प्लॉयी कोड, तुमच्या पीसीचं नाव, फोल्डरचा पूर्ण पत्ता (वरच्या अ‍ॅड्रेस बारमधून कॉपी करा, "तो क्लायंटवाला फोल्डर" म्हणजे मला काही कळत नाही), नुसतं बघायचंय की बदलही करायचेत, आणि अ‍ॅक्सेस कोणत्या तारखेपर्यंत चालू ठेवायचा, एवढं लिहा. त्याला जोडून त्या क्लायंटचं काम बघणाऱ्या पार्टनरचा "हो" असलेला रिप्लाय. नवीन आर्टिकल (सीए होण्यासाठी ऑफिसात ट्रेनिंग करणारे) असाल तर जॉइनिंग लेटरची कॉपी पण, आणि शेवटची तारीख म्हणजे आर्टिकलशिप संपायची तारीख. पगाराच्या फोल्डरसाठी मोठ्या सरांची लेखी परवानगी लागते, तिथे माझ्याकडे आग्रह करून उपयोग नाही.

मंजूर झालं की मी तुम्हाला ग्रुपमधे टाकतो, म्हणजे 'जीएसटी टीम' वगैरे, एकेकट्याच्या नावाने परमिशन देत बसत नाही कारण वर्षभराने कोणाला काय दिलंय ते मलाच आठवत नाही. ग्रुपमधे टाकल्यावर एकदा साइन आउट करून परत साइन इन करा, नाहीतर "दिलं म्हणता पण उघडत नाही" सुरू होतं. आणि कुलपं दोन आहेत हे लक्षात घ्या, एक शेअरिंग टॅबवरचं, दुसरं सिक्युरिटी टॅबवरचं, नेटवर्कवरून येताना दोन्हीतलं जे कडक ते लागू. शेअरिंगमधे चेंज दिलंय पण सिक्युरिटीत नुसतं रीड असेल तर एक्सेल उघडेल, सेव्ह होणार नाही.

आता पासवर्ड विचारण्याचं. गेल्या महिन्यात एक आर्टिकल मुलगी रडकुंडीला आली होती, आठ वेळा टाकला म्हणे, बघतो तर ती स्वतःच्या लॅपटॉपचा चार आकडी पिन टाकत होती. पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही, इथे मेन पीसीवरच्या खात्याचाच पासवर्ड लागतो. यूजरनेममधे आधी मेन पीसीचं नाव, मग बॅकस्लॅश, मग तुमचं नाव असं टाका, नाहीतर विंडोज तुमच्याच लॅपटॉपचं खातं धरून बसू शकतं. आणि दणादण टाकत राहू नका, नव्या विंडोज ११ मधे १० चुका झाल्या की खातं १० मिनिटं लॉक होतं.

पासवर्ड बदलल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर जुना सेव्ह झालेला पासवर्ड आड येतोय. कंट्रोल पॅनल, क्रेडेन्शियल मॅनेजर, विंडोज क्रेडेन्शियल्स, तिथे मेन पीसीच्या नावाची नोंद काढून टाका, आयपी अ‍ॅड्रेसने सेव्ह केलेली असेल तर ती वेगळी दिसते, तीही काढा. एरर १२१९ आला तर त्याच मशीनला तुम्ही आधीच दुसऱ्या नावाने जोडलेले आहात, मॅप केलेले ड्राइव्ह (धिस पीसीमधे ड्राइव्हसारखे दिसणारे नेटवर्क फोल्डर) डिसकनेक्ट करून साइन आउट करा.

घरच्या जुन्या नॅस बॉक्सचं (नेटवर्कला जोडलेली फाईली ठेवायची डबी) पण विचारतात. आधी बिनपासवर्ड उघडायचा, विंडोज ११ प्रोच्या २४एच२ अपडेटनंतर बंद झाला, कारण गेस्ट म्हणून, म्हणजे बिनपासवर्डचं, आत जाणं आता मुळातच बंद आहे. यूट्यूबवर बघून सेक्युरिटी बंद करत बसण्यापेक्षा नॅसवर एक यूजर आणि पासवर्ड तयार करा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि हो, रिसेप्शनच्या पीसीवर 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स'ची टिक करू नका, तिथे दिवसाला चार जण बसतात.