घर एकाचं, मदत दुसऱ्याची

ऑस्ट्रेलियात दिव्यांगांसाठीची खास घरं चालवणारी एखादी संस्था काम थांबवते, तेव्हा रहिवाशाच्या घरी एक पत्र येतं. त्यात आधी एकच गोष्ट शोधायची: बंद काय होतंय, घर की घरात मिळणारी मदत? या दोन गोष्टी वेगळ्या का झाल्या, त्याला मोठा इतिहास आहे.

मेलबर्नच्या क्यू भागात १८८७ साली बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी एक संस्था सुरू झाली. पुढे ती ‘क्यू कॉटेजेस’ म्हणून ओळखली गेली. कित्येक माणसांचं बालपण आणि म्हातारपण तिथेच सरलं. १९९६च्या एप्रिलमध्ये तिथे आग लागून ९ रहिवासी दगावले. अशा मोठ्या संस्था मोडाव्यात, माणसांनी वस्तीत राहावं, हा विचार तोवर रुजला होताच. १९८६चा अपंग सेवा कायदा त्याच दिशेचा होता. तरी क्यूचं दार पूर्ण बंद व्हायला २००८ उजाडलं.

मग आली ग्रुप होम्स. चार-पाच जणांचं साधं घर, पण बहुतेक ठिकाणी घरही संस्थेचं आणि कर्मचारीही तिचेच. ही व्यवस्था मला फार घातक वाटते. ज्याच्याबद्दल तक्रार करायची त्याच्याच छपराखाली झोपायचं, मग माणूस तोंड उघडणार कसं?

२०११ साली उत्पादकता आयोगाने, म्हणजे सरकारला धोरणांवर सल्ला देणाऱ्या संस्थेने, देशव्यापी अपंगत्व विमा योजनेची शिफारस केली. २०१३च्या कायद्याने ही राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना (एनडीआयएस) आली आणि २०१६पासून तिच्यात अपंगांसाठीच्या खास घराचे पैसे (एसडीए) रोजच्या मदतीच्या पैशांपासून वेगळे धरले गेले. एसडीए फक्त तीव्र गरज असलेल्यांना मिळतं. रहिवासी भाडं म्हणून जास्तीत जास्त अपंगत्व पेन्शनच्या मूळ रकमेचा २५ टक्के भाग आणि सरकारी भाडेसाहाय्य देतो. खास बांधकामाचा बाकी खर्च योजना उचलते. नव्या घरात रहिवासी असेल तर २० वर्षं नव्या घराच्या दराने पैसे मिळू शकत असल्याने खाजगी गुंतवणूकदारही उतरले. काही भागांत गरजेपेक्षा जास्त घरं उठली, काही भागांत रांगा तशाच राहिल्या. रिकाम्या घराचं उत्पन्न थांबतं. मदत देणाऱ्या संस्थाही योजनेचे दर परवडत नाहीत असं सांगतात. माघारीची पत्रं येतात ती यातूनच.

एसडीएचा निधी योजनेने रहिवाशासाठी मंजूर केलेल्या वैयक्तिक आराखड्यात असतो, संस्थेच्या नव्हे. म्हणून फक्त मदत देणारी संस्था जात असेल, तर घर सोडायची गरज नसते; त्याच घरात दुसरी संस्था आणता येते. घरमालक संस्था जात असेल, तर निवासाचा करार काढून सूचनेची मुदत बघावी, सपोर्ट कोऑर्डिनेटरला (रहिवाशाला सेवा जुळवून देणाऱ्या माणसाला) लगेच गाठावं आणि परिस्थिती बदलल्याचं योजनेला कळवावं. नवं घर ठरलं आहे पण तयार नाही, अशा वेळी मधल्या काळाच्या निवासासाठी साधारण ९० दिवसांपर्यंत निधी मिळू शकतो. नोंदणीकृत संस्थेला हे स्थलांतर नीट आखून, धोके नोंदवून करावं लागतं. तसं होत नसेल, तर २०१८ साली सुरू झालेल्या एनडीआयएसच्या गुणवत्ता व सुरक्षा आयोगाकडे तक्रार करता येते.

घर आणि मदत एकाच संस्थेकडे नसावी, असं २०२३च्या एनडीआयएस पुनरावलोकनानेही सुचवलं. दोन्ही आजही एकाच हातात असलेली घरं आहेत, आणि तिथे एका पत्राने दोन्ही जातात. अशा घरात कुणी आपलं राहत असेल, तर रात्री त्याला कोणत्या कुशीवर वळवायचं, घास किती मऊ करायचा, नको असेल तर तो ते कसं सांगतो, हे आजच लिहून ठेवा. ओळखीचे कर्मचारी गेले की हे सांगणारं कुणी उरत नाही.