मॉडेलचा दोर का लोंबत नाही?

आठ महिने झाले, घरी ब्लूनोज या कॅनडाच्या शिडाच्या जहाजाचं 1:64 चं (म्हणजे 64 पट लहान) मॉडेल करतोय. सगळं अगदी मापात आहे, तरी खुंट्यांवर अडकवलेल्या दोराच्या गुंडाळ्या काही केल्या खऱ्या वाटेनात, म्हणून शेवटी एका रविवारी हॅलिफॅक्सहून गाडी काढली आणि लुनेनबर्गला जाऊन जहाजच बघून आलो.

मूळ ब्लूनोज 1921 मध्ये इथेच बांधलं, डिझाईन विल्यम रुए यांचं. दोन डोलकाठ्यांचं स्कूनर, मासेमारीपण करायचं आणि शर्यतीपण जिंकायचं, कॅनडाच्या 10 सेंटच्या नाण्यावर आहे ते हेच. 1946 मध्ये ते हैतीजवळ खडकावर आदळून गेलं. आता धक्क्याला दिसतं ते ब्लूनोज 2, 1963 मध्ये त्याच यार्डात मूळ नकाशांवरून बांधलेलं.

डेकवर गेल्यावर मी थेट त्या गुंडाळ्यांपाशीच उभा राहिलो. खरा दोर खुंटीपाशी चिमटीत धरल्यासारखा अरुंद असतो आणि खाली दुधीसारखा फुगतो, प्रत्येक वेढा आपल्याच वजनाने खाली ओढला गेलेला. माझ्या मॉडेलवर तोच वेढा स्प्रिंगसारखा बाहेर येतो! कारण साधं आहे. आपण दोर 64 पट बारीक करतो, म्हणजे 25 मिलिमीटरचा 0.4 मिलिमीटर, पण गुरुत्वाकर्षण आहे तेवढंच राहतं. वजन घनफळावर जातं, त्यामुळे ते 64 गुणिले 64 गुणिले 64, म्हणजे 2,62,144 पटींनी कमी होतं, पण दोराचा ताठपणा तेवढा घटत नाही. हिशोब केला तर त्याच मटेरियलचा छोटा दोर लांबीच्या मानाने 64 पट कमी वाकतो. तो लोंबणार कसा?

हाच हिशोब पूर्ण जहाजाला लावला की मजा येते. मोठं शीड साधारण 4150 चौरस फूट, आठ वन बीएचके मावतील एवढं, आणि मॉडेलमध्ये ते जेमतेम 1 चौरस फूट. जहाजाचं वजन पावणेतीनशे टनाच्या आसपास, ते मॉडेलमध्ये किलोभर. आता मॉडेल तळ्यात सोडलं तर वाऱ्याचा कलवणारा जोर घटतो 64 च्या तिसऱ्या घाताने, आणि सरळ उभं करणारा जोर घटतो चौथ्या घाताने, म्हणजे त्याच वाऱ्यात मॉडेल 64 पट दुबळं. म्हणून पाण्यात चालवायच्या मॉडेलला खाली शिसं लावलेली जादा खोल कील (तळाखालची उभी पट्टी) जोडतात. वाऱ्याच्या वेगाचं गणित वर्गमुळाने चालतं, 64 चं वर्गमूळ 8, म्हणजे जहाजाला 16 नॉटचा वारा तर मॉडेलला 2 नॉटची झुळूक पुरे.

लाकडाचंही तेच, झाडाच्या रेषा काही आपल्यासाठी बारीक होत नाहीत. डेकच्या फळीवर ज्या रेषा जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत, त्या मॉडेलच्या पाइनवर दोरखंडाएवढ्या वाटतात, त्यामुळे मी आता डेकसाठी नाशपातीचं लाकूड घेतलंय.

परत आल्यावर सगळ्या गुंडाळ्या कापून टाकल्या. आता धागा पातळ केलेल्या पांढऱ्या ग्लूमध्ये (आपलं फेविकॉलच) भिजवतो, वरून चिमट्याने दाबतो आणि खालच्या वेढ्याला छोटं वजन टांगतो, जे गुरुत्वाकर्षण कमी पडतं ते असं हाताने भरून काढायचं. आत्ता टेबलावर सहा गुंडाळ्या वाळतायत आणि पहिल्यांदाच त्या दुधीसारख्या दिसतायत.