सामान लादून लांब जायचं तर बिनदांडीची ई-सायकल

चार-पाच दिवसांचं सामान कॅरियरवर चढलं की दांडीच्या सायकलवर बसणं अवघड होतं. मागे तंबूची वळकटी असते. तिच्यावरून पाय फिरवायला गेलं की पाय अडकतो आणि सायकल कलंडते. बिनदांडीच्या सायकलवर पाय मधून टाकून सहज बसता येतं. पण दांडी काढली की फ्रेमचा त्रिकोण मोडतो, म्हणून बॅटरीच्या आकड्यांआधी फ्रेम बघावी.

दांडी नसली की हँडलचा भाग आणि मागचा भाग मुख्यतः खालच्या एका नळीने जोडलेले राहतात. मागे २० किलो असले की ही नळी पिळली जाते, परत सुटते आणि एखाद्या वेगाला हँडल थरथरू लागतं. दांडीच्या सायकलवर गुडघ्यांनी दांडी दाबली की ही थरथर शमते. इथे दाबायला दांडीच नाही! त्यामुळे नळीच जाड हवी. पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर पिळाला होणारा विरोध आठपट होतो. बॅटरीसाठी नळीला लांब खाच पाडलेली असेल तर मात्र हा विरोध बराच घटतो. तिथे आतून किंवा कडेने धातू वाढवलेला आहे का, हे विचारून घ्यावं. बॅटरी कॅरियरवर असलेली सायकल या कामासाठी नकोच. तीनेक किलोंची बॅटरी आणि वर सामान, सगळं उंचावर आणि मागे, की शेपूट डुलणारच.

परीक्षा सोपी आहे. पाणी भरलेले ५ लिटरचे चार कॅन दोन पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरियरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्यांमध्ये, घालून दुकानात जावं. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी २० ते २५ किलोमीटरच्या वेगाने चालवत, दोन्ही हात हँडलवर ठेवूनच, त्याला हलका धक्का द्यावा. दोन-तीन हेलकाव्यांत शांत झाली तर ठीक. थरथर वाढत गेली तर ते मॉडेल सोडून द्यावं. कॅरियरवर कोरलेली मर्यादाही वाचावी, बहुधा २५ किंवा २७ किलो असते. कंपनीने दिलेल्या एकूण वजनमर्यादेत सायकल आणि स्वारसुद्धा धरलेले असतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आता बॅटरी. कोकणच्या सागरी रस्त्यावर खाडीपाशी उतरायचं आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, चढायचं, असं दिवसभर चालतं. स्वार ७५, सायकल २७, सामान २० असे १२२ किलो १०० मीटर वर न्यायला सुमारे ३३ वॅट-तास ऊर्जा लागते. दिवसाचा चढ १००० मीटर आणि अंतर ६० किलोमीटर धरलं, तर चढाला ३३० आणि टायर व हवेच्या विरोधाला साधारण ३००. निम्मं काम पायांनी केलं आणि मोटरची कार्यक्षमता ७५ टक्के मानली, तरी बॅटरीतून ४२० जातात. ५०० वॅट-तासांची बॅटरी पुरते, पण समोरून वारा आला की संपते. ६०० च्या पुढची घ्यावी. ३६ व्होल्टला २ अँपिअरचा चार्जर ५०० वॅट-तास भरायला सहा-सात तास घेतो. रात्री वीज जाणाऱ्या गावांत ४ अँपिअरचा बरा.

मोटर पॅडलपाशी असलेली घ्यावी. चाकातली मोटर चढावर सावकाश फिरते, वीज उष्णतेत घालवते आणि तापते. पंक्चर झालं की वायर आणि नट सोडवत बसावं लागतं. पॅडलपाशची मोटर गिअरचा फायदा घेते. तिची चेन मात्र लवकर झिजते, म्हणून झीज मोजायची पट्टी आणि चेनची जादा कडी जवळ ठेवावी.

ब्रेकवर कंजुषी नको. हेच १२२ किलो ३०० मीटर उतरवताना निघणारी ऊर्जा एक लिटर पाणी उकळायला पुरेल, आणि तिचा मोठा भाग डिस्कमध्येच जातो. १८० मिलिमीटरच्या डिस्क, हायड्रॉलिक ब्रेक आणि धातूमिश्रित पॅड घ्यावेत. टायर ४७ ते ५० मिलिमीटर रुंद, मागच्या चाकाला ३६ स्पोक, आणि स्टँड दोन पायांचं: एका पायाचं स्टँड लादलेल्या सायकलखाली मऊ मातीत रुततं. पायी चालताना मोटरने ढकलण्याची सोय आहे का, तेही पाहावं. दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीवरून उतरून ओल्या चढावर सायकल ढकलताना ती लागते.